व्हेप अपग्रेड करायला निघालेल्या भावासाठी: तीन हजारांत दुसरा सेटअप

गेल्या पावसाळ्यात कोल्हापुरात रंकाळ्याच्या कट्ट्यावर आमच्या गल्लीतला एक पोरगा शेजारी येऊन टेकला. वय चोवीस, उद्यमनगरात सीएनसी मशीनवर कामाला. मोबाइलवर तीन व्हेपचे, म्हणजे ई-सिगारेटच्या मशीनचे, फोटो माझ्या पुढ्यात धरून म्हणाला, "दादा, ह्या तिघांतलं कुठलं घेऊ? बजेट तीन हजार."

एकाला पाठीमागं चामड्याचा पट्टा होता, एक मोरपंखी निळं होतं, तिसऱ्याला लिक्विड दिसावं म्हणून छोटी खिडकी होती. तिन्ही दिसायला लई भारी, हे मी नाकारत नाही. मी स्वतः दोन वर्षं हे सगळं ओढलंय. त्यामुळं "सोड रे, वाईट असतं" एवढं बोलून उठणं मला जमलं नाही. आम्ही तासभर बोललो. त्या दिवशी आणि पुढच्या तीन महिन्यांत जे केलं, ते इथं क्रमानं लिहितोय. तुम्हीही असाच मोबाइल हातात धरून बसला असाल तर तुमच्या कामी येईल.

आधी कायदा, कारण बजेट तिथंच फुटतं

भारतात ई-सिगारेटवर १८ सप्टेंबर २०१९ ला अध्यादेशानं बंदी आली आणि त्याच वर्षी डिसेंबरात तिचा कायदा झाला. तयार करणं, आयात, वाहतूक, विक्री, जाहिरात, सगळं त्यात आलं. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा करून ठेवण्याला वेगळी शिक्षा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ओढणाऱ्यासाठी स्वतंत्र कलम नाही, म्हणून पोरं निर्धास्त असतात. पण कुठल्याही स्वरूपात आणि कितीही प्रमाणात जवळ बाळगणं हे कायद्याचं उल्लंघन आहे, असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं २०२३ मध्ये सांगितलंय.

"पण ह्यात निकोटीनच नाही, हर्बल आहे" ही पळवाटही चालत नाही. कायद्याच्या व्याख्येत निकोटीन असलेलं आणि नसलेलं, दोन्ही आहे. ई-हुक्का पण आहे.

आता बजेटवाल्या माणसासाठी ह्याचा खरा अर्थ काय? माल चोरून येतो. बिल नाही, वॉरंटी नाही, तक्रार करायला दार नाही. माझा एक पॉड (लिक्विडच्या छोट्या कुपीचा व्हेप) पार्सलमधून आला तोच गळका होता. पाठवणाऱ्यानं दुसऱ्या दिवशी नंबर बंद केला आणि माझे अठराशे रुपये पाण्यात गेले. पोलिसात काय सांगणार?

कोणी म्हणेल, इंग्लंडात तर सिगारेट सोडायला डॉक्टरच व्हेप सुचवतात. सुचवतात, खरं आहे. पण तिथं लिक्विडमध्ये निकोटीन मिलिलिटरला २० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही, टाकी २ मिलिलिटरची, आणि बाटलीत काय आहे याची सरकारदरबारी नोंद असते. आपल्याकडं बाटलीवर छापलंय ते खरं की खोटं हे तपासणारा कोणीच नाही. एकाच नावाच्या दोन गोष्टी आहेत ह्या.

मशीन बदलल्यावर नेमकं काय बदलतं

हा भाग मी त्या पोराला वहीत आकृती काढून समजावला, कारण सीएनसीवाल्याला आकृतीच पटते.

आत एक तारेची कॉइल, तिच्याभोवती कापूस, कापसात लिक्विड. तार तापली की लिक्विडची वाफ होते. कॉइलचे ओहम, म्हणजे विजेला होणारा अडथळा, कमी आणि वॉट जास्त, तर वाफ जास्त. दिसायला ढग मोठा, पण ढगाबरोबर निकोटीनही तेवढंच जास्त आत जातं. साध्या पॉडमध्ये बहुतेक जण मिलिलिटरला ५० मिलिग्रॅमवालं सॉल्ट लिक्विड भरतात. २ मिलिलिटरच्या पॉडमध्ये १०० मिलिग्रॅम निकोटीन झालं. एका सिगारेटमधून शरीरात साधारण एक-दीड मिलिग्रॅम जातं, हा आकडा शेजारी ठेवून बघा. सॉल्टमध्ये आम्ल मिसळलेलं असतं, त्यामुळं घसा जळत नाही. आणि घसा जळत नाही म्हणून "बास झालं" हे कळत नाही.

मी काय केलं होतं ते सांगतो. मोठं, जास्त वॉटचं मशीन घेतलं आणि जुनी ५० ची उरलेली बाटली वाया जाऊ नये म्हणून त्यात ओतली. कोल्हापूरचा माणूस, टाकून कसं देणार? दहा मिनिटांत हातापायाला थंड घाम, डोकं गरगरायला लागलं, आणि रात्री साडेअकराला मोरीत बसून ओकतोय. आईला वाटलं मिसळ बाधली. अपग्रेड म्हणजे हे.

बॅटरीचं दोन ओळीत. मोठ्या मशीनमधल्या सुट्या गोल सेलवर, म्हणजे १८६५० आकाराच्या बॅटरीवर, ९९०० एमएएच लिहिलेलं दिसलं तर ती थाप समजा. ह्या आकाराच्या सेलमध्ये एवढं बसतच नाही. आणि सुटा सेल चिल्लर नि किल्ल्यांबरोबर खिशात टाकला तर शॉर्ट होऊन मांडी भाजते.

हे सगळं ऐकून पोरगा गप्प झाला, मग म्हणाला, "दादा, खरं सांगू? मला धुरापेक्षा ती वस्तूच आवडते. हातात धरायला, टकटक करायला."

त्याच्या ह्या वाक्यावर पुढचा सगळा बेत उभा राहिला. माझंही तेच होतं. तलफ निम्मी निकोटीनची आणि निम्मी वस्तूची. मग वस्तूची हौस वस्तूनंच भागवायची आणि निकोटीनचा हिशेब मेडिकलच्या दुकानात करायचा. तीन हजार तेवढेच.

पाच दिवस फक्त मोजा

काही सोडू नका, काही कमी करू नका. मोबाइलच्या नोट्समध्ये दोनच गोष्टी लिहा: सकाळी उठल्यापासून पहिला झुरका किती मिनिटांनी, आणि दिवसभरात हात कुठंकुठं खिशाकडं गेला. पोराची यादी अशी निघाली: उठल्या उठल्या दहा मिनिटांत, कारखान्याच्या गेटवर, दहाच्या चहाला, जेवल्यावर, मशीनवर जॉब लागून वाट बघत असताना, सुटल्यावर, कट्ट्यावर, झोपताना. पॉड दोन-अडीच दिवसांत संपायचा.

पहिला आकडा सगळ्यात महत्त्वाचा. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर सवय घट्ट आहे, नुसत्या लवंगेवर निभणार नाही.

निकोटीनचा गम: हाच खरा खर्च

मेडिकलमध्ये निकोटीनचा च्युइंगम मिळतो, सगळे नुसतं गम म्हणतात. २ मिलिग्रॅमचा चिठ्ठीशिवाय देतात. ४ मिलिग्रॅमचा हवा असेल, म्हणजे अर्ध्या तासाच्या आत तलफ येणाऱ्यांनी, डॉक्टरांची चिठ्ठी घ्यावी. कातडीवर लावायच्या पट्ट्या आणि गोळ्यांचे औषधोपचारही असतात, तेही डॉक्टरांना विचारूनच. हृदयाचा त्रास, गरोदरपण, वय अठराच्या आत, ह्यातलं काही असेल तर गमसुद्धा स्वतःच्या मनानं सुरू करू नका.

हिशेब: दिवसाला आठ, एका गमला दहा रुपये धरा, पहिल्या महिन्याचे चोवीसशे. भाव पाकिटावर बघा, थोडं मागंपुढं असतं. उरले सहाशे. त्यात खिशातली डबी (तिचं पुढं सांगतो) आणि पाण्याची बाटली बसवायची.

गम खायची पद्धत बऱ्याच जणांना माहीत नसते, म्हणून "मला काही उपयोग झाला नाही" म्हणतात. हा च्युइंगमसारखा चघळायचा नाही. हळूहळू दहा-पंधरा वेळा चावा. जिभेला मिरमिर किंवा तिखट चव लागली की थांबा आणि गाल आणि हिरडीच्या मधे दाबून ठेवा, पानाचा विडा ठेवतात तसा. मिरमिर गेली की पुन्हा दोन-चार वेळा चावा, जागा बदलून पुन्हा ठेवा. असं अर्धा तास. निकोटीन तोंडाच्या आतल्या कातडीतून जातं, पोटातून नाही. भराभर चावून लाळ गिळली तर उचकी, घशाशी जळजळ आणि पैसे वाया.

दुसरी गोष्ट आपल्या गावाला खास लागू. आंबट आणि चहा-कॉफी ह्यांनी तोंडातलं निकोटीन नीट शोषलं जात नाही. गमच्या आधी पाव तास आणि गम तोंडात असताना चहा, कॉफी, लिंबू सरबत, सोलकढी काही नाही. पोरगा पहिले चार दिवस गेटवर चहाच्या घोटाबरोबर गम चावत होता आणि मला फोन करून सांगत होता की हे बोगस आहे.

पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, त्यानंतर तीन आठवडे दर दोन-चार तासांनी, शेवटचे तीन आठवडे दर चार-आठ तासांनी. दिवसाला चोवीसच्या वर कधीच नाही. आणि गम सुरू केल्यावर व्हेप नाही. दोन्ही एकदम म्हणजे माझ्या मोरीतल्या रात्रीची पुनरावृत्ती.

आता डबी, म्हणजे तुमचा नवा सेटअप

माझ्या आजोबांकडं ॲल्युमिनियमची दोन्ही बाजूंनी उघडणारी डबी होती, एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला चुना. झाकण अंगठ्यानं उघडून परत टक् करून बंद करायची त्यांची लकब अख्ख्या भावकीला माहीत होती. तोही सेटअपच होता की. ती डबी मी घासूनपुसून वापरात घेतली: एका बाजूला गमची कापलेली स्ट्रिप, दुसऱ्या बाजूला लवंग-वेलची. गम स्ट्रिपमधून आधीच काढून ठेवू नका, हवेनं कडक होतो.

घरी अशी नसेल तर विकत घ्या, आणि घेताना मोबाइल घेतल्यासारखी पारखून घ्या. गुजरीत, म्हणजे आपल्या सराफ बाजारात, फिरलात तर चांदीसारख्या दिसणाऱ्या धातूच्या छोट्या डब्या मिळतात. खऱ्या चांदीची हौस असेल तर हुपरी लांब नाही, पण ते ह्या बजेटात बसत नाही, पुढच्या दिवाळीला बघा. दुकानात चार गोष्टी तपासा. झाकण एका हाताच्या अंगठ्यानं उघडतंय का. दोन हात लागले तर मशीनवर उभं असताना उपयोग नाही. बंद होताना आवाज कसा येतो, पोकळ खडखडाट की एकच घट्ट टक्. उलटी धरून हलवली तर उघडत नाही ना. आणि बिजागरीची पिन बाहेर आलेली नाही ना, नाहीतर खिशाचं अस्तर फाडते. आकार आगपेटीएवढा बास. त्याहून मोठी घेतली की ती खिशातून बॅगेत जाते आणि बॅगेतून विसरली जाते.

पोरानं मात्र गुजरी बघितलीच नाही. कारखान्यात पितळेच्या बारचा तुकडा पडला होता, मालकाला विचारून घेतला आणि जेवणाच्या सुट्टीत लेथवर डबी कातली. बाहेरनं बारीक नर्लिंग (पकडीसाठी कोरलेली खरखरीत नक्षी), आतनं आटे, झाकण तीन फेऱ्यांत बसतं. पहिल्या झाकणाचे आटे जाम झाले, दुसरं सैल पडलं, तिसरं बसलं. रंकाळ्यावर त्यानं ती माझ्या हातात ठेवली तेव्हा वजनानं तळवा खाली गेला. मधल्या वेळेत झाकण फिरवत बसतो, उघड-बंद, उघड-बंद. तीन फेऱ्या म्हणजे तेवढेच काही सेकंद, पण हात कामात राहतो. नाद खुळा वस्तू आहे. सहाशेतले पाचशे वाचले, त्यातनं स्टीलची पाण्याची बाटली आली.

आत काय ठेवायचं तेही चव बघून ठरवा. पुदिन्याच्या फ्लेवरची सवय असेल तर लवंग आणि वेलची. गोड फळांच्या फ्लेवरवाल्यांना बडीशेप आणि खडीसाखर बरी वाटते. सुपारी अजिबात नाही. आणि मावा तर स्वप्नातही नाही. आपल्या भागात "व्हेप सोडला, आता नुसता मावा" असं सांगणारे तीन जण मला ठाऊक आहेत. तंबाखू, चुना आणि सुपारी एकत्र घासून गालात धरणं म्हणजे एका खड्ड्यातून निघून विहिरीत उडी.

वार कुठला धरायचा

निकोटीन बंद झाल्यावरची चिडचिड पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात जास्त, मग तीन-चार आठवड्यांत उतरत जाते. म्हणून वार नीट निवडा. माझं मत सोमवार. कोल्हापुरात बऱ्याच घरी सोमवारी मटण नसतं, मंगळवार अंबाबाईचा म्हणून अनेकांचा तोही पाळणुकीचा. तांबडा-पांढरा ओरपून झाल्यावर जी तलफ येते तिच्याशी पहिल्याच दिवशी गाठ घालू नये. बुधवार येतो तोवर तिसरा दिवस असतो आणि हातात गम असतो. कुणाच्या शेतावर पार्टी ठरली असेल, घरात लग्न असेल, तर तो आठवडा सोडून द्या. दारू आणि झुरका एकमेकांचा हात धरून येतात; पहिला महिना त्या बैठकीला न जाणं हाच उपाय, दुसरा मला सापडला नाही.

रविवारी रात्री व्हेपचं मशीन घराबाहेर काढा. "राहू दे, लागलं तर" हे चालत नाही, विकणं हा तर गुन्हा. निकोटीनचं लिक्विड विषारी आहे, लहान मूल किंवा कुत्रं-मांजर चाटेल अशा जागी टाकू नका, गटारीतही ओतू नका. झाकण घट्ट लावून पिशवीत बांधा. सेल काढता येत असेल तर दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा आणि सेल आणि मशीन ई-कचरा घेणाऱ्याकडं द्या, बाटली घातक कचरा म्हणून वेगळी द्या. ओल्या-सुक्या कचऱ्याच्या गाडीत सेल गेला आणि दाबला गेला तर आग लागते.

तलफ काही मिनिटांची असते, हे डोक्यात ठेवा. घड्याळ लावून बघितलं तर पटतं. पोरगा रंकाळ्यावर राजघाटापासून चालायला लागायचा आणि संध्यामठ समोर दिसेपर्यंत ती गेलेली असायची. सकाळच्या पहिल्या झुरक्याची वेळ सगळ्यात अवघड. ती त्यानं जागा बदलून मोडली: उठला की तोंड धुऊन थेट गंगावेशीत, कट्ट्यावर म्हशीचं ताजं दूध, अर्धा पेला. घरी परत येऊन पाव तासानं गम. जेवल्यावर मात्र काही केल्या जमेना, शेवटी जेवण झालं की स्वतःचं ताट स्वतः घासायचं असं त्यानं ठरवलं. त्याच्या आईला अजून कळलेलं नाही की हे अचानक काय झालं.

व्हेपबरोबर सिगारेटही चालू असेल तर आणखी एक. सिगारेटच्या धुरामुळं शरीर चहा-कॉफीतलं कॅफीन भराभर निकालात काढतं. सिगारेट बंद केली की तेच कॅफीन जास्त वेळ रक्तात राहतं आणि छातीत धडधड, झोप नाही. माणसाला वाटतं सिगारेट सोडल्यानं त्रास होतोय. चहा निम्मा करून बघा.

एकट्यानं जमत नसेल तर सरकारचा फुकट नंबर आहे, सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो: १८००-११-२३५६. बोलणारा माणूस पुढं परत फोन करून चौकशीही करतो. सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, केसपेपर काढून "तंबाखू-निकोटीन सोडायचंय" असं सरळ सांगितलंत तरी चालेल. लाजण्यासारखं काही नाही, तिथं ह्याहून कितीतरी अवघड बोलणारे रांगेत असतात.

एखादा झुरका झालाच तर? पोराचा झाला, अठराव्या दिवशी, मित्राच्या वाढदिवसाला. त्यानं रात्री मेसेज केला, "संपलं दादा सगळं." काही संपलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तीच डबी, तेच गम, मोजणी पुढं चालू. फक्त तो मित्र, ती गॅलरी आणि ती वेळ वहीत लिहून ठेवली. पुढच्या वेळी गॅलरीत उभं राहायचं नाही, हॉलमध्येच बसायचं.

आठव्या-नवव्या आठवड्यात गमचीच सवय लागल्यासारखं वाटतं. तेव्हा एक गम ब्लेडनं निम्मा करून घ्या, किंवा अधूनमधून साधं च्युइंगम घाला. माझ्या डबीत अजून दोन गम असतात. लग्नसराईत लागतात, विशेषतः वरातीत, जेव्हा सगळे मंडपाच्या मागं जातात आणि मला नवरदेवाच्या मामाशी गप्पा मारत उभं राहावं लागतं.